उत्तरेकडच्या नद्या कार्बन नेतात तरी कधी?

पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: ‘आर्क्टिकला मिळणाऱ्या नद्या दरवर्षी कोट्यवधी टन कार्बन समुद्रात नेतात असं वाचलं. या नद्या वर्षातले सहा-सात महिने गोठलेल्या असतात, मग हा कार्बन जातो कधी? तो सगळा पर्माफ्रॉस्ट (वर्षानुवर्षं गोठलेली जमीन) वितळल्यामुळे येतो का? मला प्रकल्पासाठी एका नदीचा वर्षाचा हिशोब मांडायचा आहे. महिन्याला एक नमुना असेल, तर सरासरी विसर्गाला कार्बनच्या सरासरी प्रमाणाने (लिटरमागे किती मिलिग्रॅम) गुणून चालेल का?’

चालणार नाही. ते का, हे नीट कळलं की पहिल्या दोन प्रश्नांचीही उत्तरं मिळतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही कार्बन हा एकच माल धरलाय, आणि नदी तो वर्षभर सारखाच नेते, फक्त हिवाळ्यात थांबते, असं गृहीत धरलंय. प्रत्यक्षात जानेवारीत बर्फाखालून वाहणारं पाणी, मे-जूनमधला पूर आणि ऑगस्टमधलं संथ पाणी यांतला कार्बन वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेला असतो. त्याचं वय वेगळं असतं आणि पुढे त्याचं जे होतं तेही वेगळं असतं. त्यामुळे ‘किती’ विचारण्याआधी ‘कुठला आणि कधी’ हे विचारावं लागतं.

आधी माझ्या बाजूने एक खुलासा. मी उत्तर स्वीडनमध्ये जंगलातले ओढे आणि ते ज्यांना मिळतात त्या नद्या यांच्या पाण्यावर काम करते. या नद्या स्वीडन आणि फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताला मिळतात, आर्क्टिक महासागराला नाही, आणि त्यांच्या खोऱ्यांत पर्माफ्रॉस्ट जवळपास नाहीच. सायबेरिया, अलास्का, कॅनडा इथलं मला कळतं ते तिथे काम करणाऱ्यांच्या मोजमापांमधून. ऋतूंचं गणित दोन्हीकडे पुष्कळसं सारखं असलं, तरी खोऱ्यात पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) दलदल किती, डोंगर किती, तळी किती, धरणं आहेत का आणि जमीन कुठवर गोठलेली आहे, यावर उत्तर बरंच बदलतं. ‘उत्तरेकडची नदी’ अशी एकच नदी नाही.

आता माल बघू. नदीतला कार्बन मुख्यतः तीन रूपांत असतो. पहिला विरघळलेला सेंद्रिय कार्बन, आम्ही त्याला सरळ डीओसी म्हणतो. पानं, शेवाळ, पीट, मुळं कुजून जे पाण्यात उतरतं ते हे. यानेच तिथल्या ओढ्यांना कोऱ्या चहाचा रंग येतो. दुसरा कणरूप सेंद्रिय कार्बन, म्हणजे पीओसी: काठ ढासळून आलेली माती, कुजकट पालापाचोळा, खडकातलं जुनं सेंद्रिय द्रव्य. तिसरा विरघळलेला असेंद्रिय कार्बन, म्हणजे डीआयसी, मुख्यतः बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. आर्क्टिकला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचे मिळून रूढ अंदाज वर्षाला साधारण असे आहेत: डीओसी ३.४ कोटी टन, पीओसी ६० लाख टनांच्या जरा खाली, आणि डीआयसी साडेपाच कोटी टनांच्या वर. बातम्यांत जो ‘कार्बन’ येतो तो बहुतेक वेळा पहिलाच असतो, पण वजनाने मोठा वाटा तिसऱ्याचा आहे. अलास्कातल्या युकॉन नदीत तर एकूण कार्बनचा दोन-तृतीयांशाच्या आसपास भाग असेंद्रिय आहे. हे आकडे महत्त्वाचे वाटण्याचं आणखी एक कारण म्हणजे आर्क्टिक महासागरात जगातल्या समुद्राच्या पाण्यापैकी जेमतेम १ टक्का पाणी आहे, पण जगातल्या नद्यांच्या पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा त्यात येऊन पडतो. जमिनीवर काय चाललंय याचा परिणाम इतका थेट झेलणारा दुसरा महासागर नाही.

हिवाळ्यापासून सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. मोठी नदी तळापर्यंत गोठत नाही. वर मीटर-दीड मीटर बर्फ असतो, सायबेरियातल्या लेनासारख्या नदीवर त्याहूनही जाड. याकूत्स्कजवळ लेना ओलांडायला पूल नाही, तिथे हिवाळ्यात बर्फावरून रस्ता काढतात आणि ट्रक जातात. पण खाली पाणी वाहत असतं. ते येतं भूजलातून. जमिनीचा वरचा, सेंद्रिय द्रव्याने भरलेला थर गोठलेला असल्याने पाण्याचा त्याच्याशी संबंध तुटतो आणि खोलवरच्या खनिज थरांतून झिरपलेलं पाणी तेवढं नदीत येतं. म्हणून हिवाळ्यात डीओसी कमी आणि बायकार्बोनेट भरपूर. जे थोडं डीओसी असतं ते वयाने जुनं असतं.

शिवाय बर्फाचं झाकण असल्याने वायू हवेत जाऊ शकत नाही. पाण्यात आणि तळाच्या गाळात श्वसन चालूच असतं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचत जातो, काही ठिकाणी मिथेनही, आणि ऑक्सिजन उतरत जातो. याचं टोकाचं उदाहरण पश्चिम सायबेरियातल्या ओब नदीचं. तिचं खोरं म्हणजे अफाट दलदल, वास्युगानची दलदल त्यातलीच. हिवाळ्याच्या उत्तरार्धात ओबच्या खालच्या टप्प्यात ऑक्सिजन इतका घटतो की मासे मरतात. तिथले लोक या प्रकाराला ‘झामोर’ म्हणतात. मासे उरलमधून येणाऱ्या उपनद्यांकडे, झऱ्यांच्या तोंडाशी किंवा आखाताकडे पळतात आणि कोळी त्यांना तिथेच गाठतात. ‘हिवाळ्यात नदी निजते’ म्हणणाऱ्याला मी आधी ओबचं सांगते.

हिवाळ्यातला नमुना घेणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात कौशल्याचं काम. ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, भोक पाडायचं, झाऱ्याने बर्फाचा चुरा काढून टाकायचा, आणि मग नळी बर्फाच्या खालच्या पातळीपेक्षा चांगली खोल सोडायची. हा चुरा बाटलीत गेला तर नमुना फुकट. पाणी गोठताना विरघळलेले पदार्थ बाहेर टाकतं, म्हणजे बर्फ जवळजवळ स्वच्छ असतो. तो बाटलीत वितळला की डीओसी उगाचच कमी दिसतं. वायूसाठीचं पाणी तर सिरिंजने, बुडबुडा न येऊ देता, भोकात हवा शिरण्याआधी घ्यावं लागतं. फिल्टर काचतंतूंचा, ४५० अंश सेल्सिअसला काही तास भाजून घेतलेला, कारण फिल्टरमधला स्वतःचा कार्बन आधी जाळून टाकायचा असतो. उणे वीसमध्ये उघड्यावर गाळायला बसलात तर फिल्टरची बैठकच गोठते, म्हणून बाटल्या न गोठू देता, शीतपेटीत उलट गरम ठेवून, खोलीत आणतो. शीतपेटीचा असा उपयोग आपल्याकडे कुणाला सुचणार नाही. खोलीत आल्यावर पाणी गाळायचं आणि आम्ल घालून बाटली बंद करायची. हिवाळ्यातलं पाणी गाळून झाल्यावर फिल्टर बघितला तर जवळपास कोराच असतो.

मग वितळायला लागतं आणि चित्र पालटतं. लेनाच्या मुखाजवळचा विसर्ग हिवाळ्याच्या अखेरीस सेकंदाला काही हजार घनमीटर असतो, तो जूनमध्ये काही वर्षी एक लाखाच्या वर जातो. आपल्या बातम्यांच्या भाषेत सांगायचं तर ३५ लाख क्युसेक. खडकवासल्यातून तीस-चाळीस हजार क्युसेक सोडले की भिडे पूल केव्हाच पाण्याखाली गेलेला असतो, त्यावरून अंदाज बांधा. सायबेरियातल्या मोठ्या नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात ही आणखी एक भानगड. वरचं खोरं आधी वितळतं, पाणी खाली येतं आणि पुढे अजून न फुटलेला बर्फ असतो. तिथे बर्फाचे ढीग अडकून बांध तयार होतात आणि पाणी काठाबाहेर पसरतं. मे २००१ मध्ये लेनाकाठचं लेन्स्क शहर अशाच पुरात उद्ध्वस्त झालं. कार्बनच्या दृष्टीने बघायचं तर हे पाणी पूरमैदानावरचा सगळा कुजका पाला धुऊन परत नदीत येतं.

पण खरा मुद्दा पाण्याच्या वाटेचा आहे. बर्फ वितळतो तेव्हा खालची जमीन अजून गोठलेली असते. पाणी खोल मुरू शकत नाही, ते पालापाचोळ्याच्या आणि शेवाळाच्या थरातून आडवं वाहत जातं. आदल्या उन्हाळ्यात आणि शरदात जे काही कुजून तयार झालेलं असतं ते सगळं या पाण्यात उतरतं. म्हणजे पाणीही जास्त आणि दर लिटरमागे डीओसीही जास्त, दोन्ही एकाच वेळी. पूर आला की पाणी पातळ होत असेल ही आपली समजूत इथे उलटी पडते. आर्क्टिकच्या मोठ्या नद्यांच्या वर्षभराच्या डीओसीपैकी फार मोठा हिस्सा, काहींचा निम्म्याच्या आसपास, या काही आठवड्यांत जातो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर हे.

मात्र सगळीकडे असंच होतं असं नाही, आणि हे मी माझ्या भागातल्या उदाहरणाने सांगू शकते. उमेओजवळ क्रिकलान नावाचं संशोधन खोरं आहे. तिथे शेजारशेजारचे ओढे वर्षानुवर्षं मोजले जातात. जंगलातून येणाऱ्या ओढ्यात वितळत्या बर्फाबरोबर डीओसी वाढतं, आणि थोड्याच अंतरावर दलदलीतून येणाऱ्या ओढ्यात ते त्याच आठवड्यात कमी होतं. जंगलात भूजलाची पातळी वर चढून ओढ्याकाठच्या काळ्या सेंद्रिय मातीला भिडते, म्हणून डीओसी वाढतं. दलदलीत हिवाळाभर सेंद्रिय द्रव्याने मुरलेलं पाणी आधीच बसलेलं असतं. वितळलेलं पाणी गोठलेल्या पृष्ठावरून घसरून थेट ओढ्यात येतं आणि त्याला पातळ करतं. हवामान तेच, बर्फ तोच, उत्तर उलटं. तुम्ही जी नदी निवडाल तिच्या खोऱ्यात दलदल किती टक्के आहे हे आधी बघा, असं मी म्हणते ते यासाठी.

त्याच भागातल्या विंडेल नदीत हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. तिला बऱ्याचदा दोन पूर येतात. साधारण मे महिन्यात खालच्या जंगलपट्ट्यातला बर्फ वितळतो, ते पाणी तपकिरी. मग जूनमध्ये नॉर्वेच्या सीमेकडच्या डोंगरातला बर्फ येतो, ते पाणी बरंच नितळ, कारण तिथे माती पातळ आणि झाडं खुरटी. विसर्ग दोन्ही वेळा जोरदार असतो, पण पहिल्या पुरात १०० मिलिलिटर गाळल्यावर फिल्टर तुंबतो, दुसऱ्यात तो बराच वेळ साथ देतो. नुसता विसर्ग बघून डीओसीचा अंदाज करणारा माणूस इथे हमखास फसतो.

या पुरातला कार्बन कोवळा असतो. किरणोत्सारी कार्बनच्या मोजमापांवरून असं दिसलं आहे की आर्क्टिक नद्यांच्या वसंतातल्या पुरातलं साधारण निम्मं डीओसी एक ते पाच वर्षं वयाचं असतं. म्हणजे अगदी अलीकडची झाडंझुडपं. ते सूक्ष्मजीवांना चविष्टही असतं. अलास्काच्या उत्तर उतारावरच्या कुपारुक, कोलविल अशा नद्यांचं पुराचं पाणी बाटलीत ठेवून पाहिलं तेव्हा तीन महिन्यांत २० ते ४० टक्के डीओसी नाहीसं झालं. उन्हाळ्यातल्या पाण्यात मात्र फारसा फरक पडला नाही. आता यातली गंमत बघा: सगळ्यात सहज खाल्ला जाणारा कार्बन नदीत येतो तेव्हा पाणी शून्याजवळ असतं आणि वेग प्रचंड असतो. जीवाणूंना जेवायला फुरसतच मिळत नाही. तो कार्बन समुद्रात पोचतो आणि त्याचं बरंचसं विघटन किनाऱ्यालगत होतं.

उन्हाळ्यात उलट. जमीन वरून खाली वितळत जाते, पाणी जास्त खोलवरच्या खनिज मातीतून येतं. ही माती डीओसी धरून ठेवते, म्हणून नदीतलं प्रमाण उतरतं. पण आता पाणी कोमट असतं, संथ असतं आणि वर चोवीस तास ऊन. अलास्कात टूलिक तळ्याच्या परिसरातल्या कामातून असं पुढे आलं की तिथल्या ओढ्या-तळ्यांत पाण्याच्या थरात जेवढ्या डीओसीवर प्रक्रिया होते त्यातल्या बहुतांश भागाला सूर्यप्रकाश जबाबदार आहे, जीवाणू नव्हे. काही रेणूंचा थेट कार्बन डायऑक्साइड होतो, काही तुटून जीवाणूंना खाण्याजोगे होतात.

तळी असली की हा खेळ आणखी वाढतो, कारण तळ्यात पाणी महिनोन् महिने थांबतं. स्कँडिनेव्हियातल्या २१ खोऱ्यांच्या एका अभ्यासात गोड्या पाण्यात आलेल्या सेंद्रिय कार्बनपैकी ३० ते ८० टक्के भाग तळ्यांतच संपतो असं दिसलं होतं. त्यातला मोठा भाग हवेत जातो, थोडा गाळात बसतो. म्हणून नदीच्या मुखाशी मोजलेला कार्बन हा जमिनीतून निघालेला कार्बन नाही, वाटेत खाऊन-उडून-बसून उरलेला आहे. हे वाक्य तुमच्या प्रकल्पात कुठेतरी यायला हवं. बरेच लोक हे विसरतात आणि मुखाशी वाढ दिसली नाही म्हणून वर काही घडत नाही असा निष्कर्ष काढतात.

शरदाबद्दल थोडक्यात: सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने भूजल पुन्हा वर चढतं, ताजा पाला पडलेला असतो, डीओसीचा दुसरा, छोटा उंचवटा येतो. मग गोठायला लागतं.

आता पर्माफ्रॉस्ट. पर्माफ्रॉस्ट प्रदेशातल्या मातीत सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, हवेतल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण मोठ्या नद्यांच्या मुखाशी डीओसीचं वय मोजलं तर ते, विशेषतः पुरात, मुख्यतः तरुण निघतं. ईशान्य सायबेरियातल्या कोलिमा नदीचं जवळपास सगळं खोरं पर्माफ्रॉस्टवर आहे, तरी तिचीही गोष्ट तीच. म्हणजे ‘सगळा पर्माफ्रॉस्टमुळे’ हे चूक. मग ‘पर्माफ्रॉस्टचा संबंध नाही’ हे बरोबर का? तेही नाही.

कोलिमाच्या काठावर दुवानी यार नावाचा कडा आहे, बर्फाने भरलेल्या हिमयुगीन गाळाचा. तो वितळून ढासळतो तेव्हा त्यातून ओघळणाऱ्या बारीक प्रवाहांतलं डीओसी २० हजार वर्षांहून जुनं असतं. इतकं जुनं म्हणजे निरस, जीवाणूंनी टाकून दिलेलं असेल असं वाटतं. प्रयोगात मात्र १४ दिवसांत त्यातला एक-तृतीयांशाहून जास्त भाग संपला. तो जुना होता कारण गोठलेला होता, कुणी खाल्लाच नव्हता. आता जोडून बघा: असा कार्बन छोट्या ओहोळात पडल्यापासून काही दिवसांत हवेत जात असेल, तर शेकडो किलोमीटर खाली मुखाशी तो सापडणारच कसा? मुखाशी जुना कार्बन न दिसणं याचे दोन अर्थ होतात, तो निघालाच नाही किंवा निघाला आणि वाटेत संपला. मुखाजवळच्या नमुन्यांवरून या दोहोंत फरक करता येत नाही. त्यासाठी वर, उगमाच्या ओढ्यांपाशी जावं लागतं.

कणरूप कार्बनची तऱ्हा आणखी निराळी. कॅनडातल्या मॅकेंझी नदीत पीओसीचं सरासरी वय पाच-सहा हजार वर्षांच्या घरात आहे. पण तो मातीच्या कणांना चिकटलेला असतो, आणि त्यातला बराच त्रिभुज प्रदेशात आणि समुद्रतळाच्या गाळात गाडला जातो. गाडला गेलेला कार्बन हवेत जात नाही. म्हणजे जुना कार्बन नदीत दिसला की लगेच ‘उत्सर्जन’ म्हणून धरायचा नाही. आणि असेंद्रिय बाजूला अजून एक गुंता: जमीन वितळून पायराइट (लोह आणि गंधक असलेलं खनिज) उघडं पडलं की त्यापासून गंधकाम्ल तयार होतं. ते चुनखडीवर आलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. अलास्कातल्या ब्रूक्स पर्वतरांगेतले काही स्वच्छ ओढे गेल्या काही वर्षांत नारिंगी झाले आहेत, ते पायराइटमधल्या लोहामुळे. एरवी खडक झिजताना नदी हवेतला कार्बन बायकार्बोनेट म्हणून बांधते. इथे चिन्हच उलटू शकतं.

इथवरचं एका दमात: हिवाळ्यात थोडा, जुना, बहुतांश असेंद्रिय कार्बन आणि साचलेला वायू. पुरात भरपूर, तरुण, सेंद्रिय. उन्हाळ्यात प्रमाण कमी पण प्रक्रिया जास्त, आणि वितळून ढासळणाऱ्या काठांवरून जुना कार्बन.

आता तुमचं गणित. खालचे आकडे कुठल्या खऱ्या नदीचे नाहीत, पण मोठ्या उत्तरी नदीला शोभतील असे घेतले आहेत. हिवाळ्याचे ७ महिने: विसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर, डीओसी लिटरला ३ मिलिग्रॅम. पुराचा १ महिना: १२,००० घनमीटर आणि १५ मिलिग्रॅम. उरलेले ४ महिने: ८,००० घनमीटर आणि ६ मिलिग्रॅम. प्रत्येक काळाचा गुणाकार वेगळा करून बेरीज केली तर हिवाळा १.१ लाख टन, पूर ४.७ लाख टन, उन्हाळा-शरद ५ लाख टन, एकूण सुमारे १०.९ लाख टन. एका महिन्यात वर्षाचे ४३ टक्के.

आता तुमच्या पद्धतीने करा. बारा महिन्यांची सरासरी: डीओसी ५ मिलिग्रॅम, विसर्ग सुमारे ४,८३३ घनमीटर. गुणाकार येतो ७.६ लाख टन. नमुने सगळे बरोबर, प्रयोगशाळा निर्दोष, आणि तरी ३० टक्के कार्बन गायब. पाणी आणि प्रमाण एकत्र वाढतात, आणि सरासरी नेमका तोच संबंध पुसून टाकते. यात पुराचा नमुना हुकला असेल, जे हमखास होतं, तर उरलेल्या अकरा महिन्यांची सरासरी ४.१ च्या आसपास येते आणि उत्तर ६.२ लाखांवर घसरतं.

पुराचा नमुना हुकतो याला कारणही साधं आहे. बर्फ फुटण्याच्या दिवसांत त्यावर पाय ठेवता येत नाही आणि होडीही घालता येत नाही. मोठाले तुकडे वाहत असतात. पूल असेल तर पुलावरून नमुना घ्यायचा, नाहीतर वाट बघायची. सगळ्यात जास्त कार्बन जातो त्याच दिवसांत नोंदवहीत रिकामी जागा. २००३ पासून ओब, येनिसेई, लेना, कोलिमा, युकॉन आणि मॅकेंझी या सहा नद्यांवर एकाच पद्धतीने, पुरासकट नमुने घेण्याचं काम सुरू झालं, ते पुढे आर्क्टिक ग्रेट रिव्हर्स ऑब्झर्व्हेटरी या नावाने चाललं. त्याआधीचे अंदाज वापरताना पुराचे नमुने होते का, एवढं तपासूनच घ्या.

तर करायचं काय? रोजचा विसर्ग सहसा उपलब्ध असतो, नमुने मोजके असतात. म्हणून विसर्ग आणि ऋतू यांवरून डीओसीचं समीकरण बसवायचं, त्यावरून रोजचं प्रमाण काढायचं, रोजच्या विसर्गाने गुणायचं आणि मग बेरीज. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची ‘लोडेस्ट’ ही प्रणाली हेच करते. त्यात दोन खाचखळगे आहेत. समीकरण लॉगरिदममध्ये बसवलं तर परत साध्या आकड्यांत येताना दुरुस्ती लागते, नाहीतर उत्तर कमी येतं. दुसरं, चढत्या पुरात आणि उतरत्या पुरात विसर्ग सारखाच असला तरी डीओसी सारखं नसतं. बहुधा चढताना जास्त असतं, कारण वरचा थर आधी धुऊन जातो. म्हणून पुरातला एकच नमुना मिळणार असेल तर तो कुठल्या बाजूचा आहे हे लिहून ठेवा. माझ्या मते मर्यादित पैशांत बारा महिन्यांचे बारा नमुने घेण्यापेक्षा हिवाळ्याचे दोन, पुराचे सहा आणि बाकीच्या काळाचे चार घेणं केव्हाही शहाणपणाचं. त्याच्याशी सगळे सहमत होतील असं नाही. ज्यांना वायूचा अभ्यास करायचा आहे ते हिवाळ्याचे अजून मागतील, आणि त्यांचं बरोबर आहे.

धरण असेल तर वरचं बरंचसं मोडून जातं. विंडेल नदीवर जलविद्युत प्रकल्प न करण्याचा निर्णय स्वीडनच्या सरकारने १९७० मध्ये घेतला, म्हणून तिचा पूर अजून पूर आहे. ती ज्या उमे नदीला मिळते तिच्यावर मात्र धरणांची माळ आहे, विजेची मागणी हिवाळ्यात, म्हणून हिवाळ्यातला विसर्ग वाढवलेला आणि वसंतातला कापलेला. येनिसेईवरही क्रास्नोयार्स्कसारख्या धरणांनी असंच केलं आहे. अशा नदीत हिवाळ्यातली वाढ बघून ‘पर्माफ्रॉस्ट वितळून भूजल वाढलं’ म्हणण्याआधी धरणाची तारीख बघा. युरेशियातल्या सहा मोठ्या आर्क्टिक नद्यांचा एकूण वार्षिक विसर्ग १९३६ ते १९९९ या काळात सुमारे ७ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं आहे, ते वेगळं. वार्षिक बेरीज आणि ऋतूंची वाटणी या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. तसंच स्कँडिनेव्हियातलं पाणी १९९० नंतर तपकिरी होत गेलं त्यातही हवामानाइतकाच, किंबहुना जास्त, हात आम्लपावसाचं गंधक घटल्याचा आहे. आम्लता कमी झाली की मातीतलं सेंद्रिय द्रव्य पाण्यात सहज उतरतं.

शेवटी व्यवहाराचं. तुम्ही भारतात बसून करणार असाल तर आर्क्टिक ग्रेट रिव्हर्सचा आणि क्रिकलानचा, दोन्ही डेटा खुले आहेत. कोलिमा निवडलीत तर पर्माफ्रॉस्टचा प्रश्न स्वच्छ हाताळता येईल पण नमुने मोजके. युकॉनला असेंद्रिय बाजू चांगली दिसते. पुढे प्रत्यक्ष कामाची इच्छा असेल तर वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ‘हिमाद्री’ तळ चालवते, २००८ पासून. तिथे मोठ्या नद्या नाहीत, हिमनद्यांचं वितळपाणी काँग्सफ्योर्ड या खाडीत येतं, पण नमुना कसा घ्यायचा ते तिथे शिकता येईल. आणि पद्धतीचा सराव घरीच करायचा तर मांडवी किंवा कृष्णेच्या खोऱ्यातला एखादा ओढा घ्या. आपल्याकडे वितळण्याची जागा मान्सून घेतो. वर्षाचं बहुतेक पाणी जून ते सप्टेंबरमध्ये जातं आणि पहिल्या मुसळधार पावसाचं पाणी सगळ्यात गढूळ असतं. फरक हा की आपली माती वर्षभर उबदार, त्यामुळे पाला साचून राहत नाही, आणि बर्फाखाली वायू कोंडण्याचा प्रश्नच नाही. पण जूनमध्ये रोज एक नमुना घेऊन त्याचा हिशोब महिन्याच्या एका नमुन्याशी ताडून बघितलात, तर वरच्या ७.६ आणि १०.९ मधला फरक तुम्हाला तुमच्याच आकड्यांत दिसेल. नदी निवडलीत की विसर्गाची नोंद कुठून घेताय तेवढं कळवा, काही केंद्रांच्या पुराच्या दिवसांतल्या नोंदी मोजलेल्या नसून अंदाजाने भरलेल्या असतात.